मिर्झा तफ्ता

गेल्या दिवाळीच्या आधी अमरावतीहून एक पार्सल आलं. आत जुन्या साडीच्या काठाने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. माझीच पत्रं होती ती. १९७१ साली आम्ही दोघी एकदम बी.ए. झालो, ती लग्न होऊन विदर्भात गेली आणि तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. ती गेली. तिचं कपाट आवरताना सुनेला हा गठ्ठा सापडला. "मावशी, टाकवेनात, म्हणून तुम्हालाच पाठवते," एवढीच चिठ्ठी होती.

तिने माझं एकूण एक पत्र जपलं होतं. मी मात्र घर बदलताना दोनदा आवराआवर केली आणि तिची पत्रं रद्दीत गेली. आता माझ्याकडे फक्त माझंच बोलणं आहे.

असो. सांगायचं होतं ते दुसरंच. त्याच दिवसांत मी गालिबची पत्रं वाचत होते. मला उर्दू लिपी येत नाही, देवनागरीत छापलेली प्रत आहे आणि शेजारी कोश. गालिब म्हटलं की आपल्याकडे गझल आठवते, नाहीतर १९८८ सालची दूरदर्शनवरची गुलजारांची मालिका आणि नसीरुद्दीन शाह. सेतुमाधवराव पगडींनी मराठी वाचकांना गालिबची ओळख करून दिली, तीही कवी म्हणून. पण हा माणूस मला खरा भेटला तो पत्रांत. त्यातही एका माणसाला लिहिलेल्या पत्रांत.

त्याचं नाव मुन्शी हरगोपाल. बुलंदशहराजवळच्या सिकंदराबादचा कायस्थ. फारसीत कविता करायचा आणि 'तफ्ता' हे टोपणनाव लावायचा. तफ्ता म्हणजे तापलेला, पोळलेला. वयाने जवळपास गालिबच्या बरोबरीचाच, पण नात्याने शिष्य. कविता लिहून दिल्लीला पाठवायची, गुरूने त्यावर हात फिरवून परत धाडायची, याला ते 'इस्लाह' म्हणत. गालिब त्याला कौतुकाने 'मिर्झा तफ्ता' म्हणायचा. हिंदू कायस्थाला 'मिर्झा'! पत्रांत कधी 'भाई', कधी 'साहिब', आणि रागावला की नुसतीच तासंपट्टी. त्याला लिहिलेली शंभराहून जास्त पत्रं आज छापील स्वरूपात आहेत.

सुरुवातीला गालिब पत्रंसुद्धा फारसीत लिहायचा. सुशिक्षित माणसाने तसंच करायचं, अशी रीत होती. १८५० च्या आगेमागे, पन्नाशी उलटल्यावर, तो उर्दूकडे वळला. मायने, पल्लेदार नमस्कार सगळे काढून टाकले आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं लिहू लागला. आम्ही मुलांना पत्रलेखन शिकवायचो तेव्हा मायना चुकला की अर्धा गुण कापायचो. गालिब आमच्या हाती लागला असता तर नापासच झाला असता.

मग १८५७ साल आलं. आपल्याला सत्तावन्न म्हणजे झाशी, कानपूर आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. दिल्लीचं काय झालं ते आपण पाठ्यपुस्तकात दोन ओळींत शिकवलं. ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले, सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतलं, बादशहा कैद झाला. मधल्या आणि नंतरच्या दिवसांत शहरच रिकामं झालं. मुसलमान रहिवाशांना बाहेर काढलं होतं. १८५८ च्या सुरुवातीला हिंदूंना परतायची परवानगी मिळाली, मुसलमानांना फार उशिरा. गालिब बल्लीमारान मोहल्ल्यात राहायचा. त्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असलेल्या हकिमांची घरं होती. महाराज इंग्रजांच्या बाजूचे, त्यांनी गल्लीवर पहारा बसवला, म्हणून हा वाचला. ऑक्टोबरात त्याचा धाकटा भाऊ यूसुफ गेला. बिचारा कित्येक वर्षं वेडाच्या आजारात होता. त्याच्या दफनाला माणसं मिळायची मारामार.

५ डिसेंबर १८५७ चं तफ्ताला लिहिलेलं पत्र मी तीन-चारदा वाचलं. तो सांगतो की तू आणि मी मागच्या एका जन्मात दोस्त होतो, तेव्हा शेर रचले, दिवाण जमवले, आणखीही काही दोस्त होते. मग तो जन्म संपला. आता दुसरा जन्म आहे. शहराचं नाव तेच आहे, मोहल्ल्याचं नाव तेच आहे, पण त्या जन्मातला एकही दोस्त इथे सापडत नाही. पुढे लिहितो की तपशील लिहायची भीती वाटते. मी जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून समजून घे.

पुनर्जन्माची कल्पना एका मुसलमान कवीने आपल्या हिंदू मित्राला पत्रात सांगावी, तेही त्या महिन्यांत, याचं मला फार नवल वाटलं. कदाचित उगाचच. त्याला ती कल्पना हाताशी होती आणि वाचणाऱ्याला ती समजणार होती, एवढंच असेल.

गालिबला चुलत्यामुळे इंग्रजांकडून वर्षाला ७५० रुपये पेन्शन मिळायचं. म्हणजे महिन्याला साडेबासष्ट. ते मे १८५७ पासून बंद. किल्ल्यातलं बादशहाचं मानधन बादशहाबरोबरच गेलं. हातावर पोट नसलेल्या माणसाची अशा वेळी फार दशा होते. घरातलं किडूकमिडूक, कपडेसुद्धा विकून त्याने दिवस काढले. तफ्ता तेव्हा मेरठला होता. तिथून तो पैसे पाठवायचा आणि सोबत गझलाही! मला आधी हसू आलं. शहर उद्ध्वस्त झालंय आणि हा इस्लाहसाठी गझला पाठवतोय. मग वाटलं, तेच बरोबर होतं. नुसते पैसे पाठवले असते तर ती मदत झाली असती. गझल सोबत आली की गुरूला काम मिळालं.

एकदा त्याने शंभर रुपयांची हुंडी पाठवली. गालिबने उत्तरात हिशेब दिलाय. चोवीस रुपये उसने आणले होते ते फेडले, पन्नास घरात बायकोकडे दिले, सव्वीस उरले ते पेटीत ठेवले. चोवीस, पन्नास, सव्वीस. मी बेरीज करून पाहिली, जुनी सवय. पुढे लिहितो की कल्याण, म्हणजे त्याचा नोकर, सामान आणायला बाजारात गेलाय, लवकर आला तर पत्र आजच टपालात पडेल, नाहीतर उद्या. आणि मग शेवटी की वेळ वाईट आलीय, यातून काही बरं निघेलसं दिसत नाही. मागणारा असा पैपैचा हिशेब देत नाही. तो घरच्या माणसालाच देतात.

आता कोणी म्हणेल की तफ्ता श्रीमंत शिष्य होता, त्याने दिलं तर काय मोठं. तसं नव्हतं. एका पत्रात तफ्ताच संसाराला वैतागून संन्यास घ्यायच्या गोष्टी करतोय असं दिसतं. गालिब त्याला खडसावतो की वस्त्रं कसली त्यागतोस, अंगावर त्यागण्यासारखं आहे काय, आणि वस्त्रं टाकली म्हणून भूक थोडीच टळणार आहे?

१८५८ साली गालिबने त्या दिवसांची फारसी रोजनिशी छापायला काढली, 'दस्तंबू'. छपाई आग्र्याला, आणि देखरेखीचं काम इतर स्नेह्यांबरोबर तफ्तावर. तिच्यात अरबी शब्द येऊ द्यायचे नाहीत असा त्याचा हट्ट होता. एक शब्द चुकून राहिला, तर तफ्ताला पत्र गेलं की तो चाकूने खरवड आणि तिथे फारसी शब्द घाल. पुढे तफ्ताने स्वतःचं पुस्तक छापलं. छपाई भिकार निघाली. गालिबने आडपडदा न ठेवता लिहिलं की पैसा घालवलास, तुझे श्रम आणि माझी इस्लाह दोन्ही बुडवलीस. तू इथे असतास तर किल्ल्यातल्या बेगमा रस्त्याने फिरताना पाहिल्या असत्यास, चेहरे चंद्रासारखे, कपडे मळके, जोडे फाटके, तशी तुझ्या पुस्तकाची गत झालीय. छपाईवरून सुरू झालेली तक्रार कुठे जाऊन पोचली पाहा.

तफ्ताचं पत्र दहा-बारा दिवस आलं नाही की गालिब कासावीस व्हायचा. एका पत्रात म्हणतो की या एकांतात मी पत्रांच्या भरवशावर जगतो, ज्याचं पत्र आलं तो माणूसच घरी आला असं मी समजतो. अर्ध्या आण्यासाठी कंजूषपणा करतोस का? तसं असेल तर बेरंग पाठव. १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा पडे. तिकीट न लावता टाकलं तर घेणाऱ्याला दुप्पट. आपण ज्याला नॉटपेड म्हणायचो तेच. कर्जात बुडालेला माणूस दुप्पट द्यायला तयार होता.

१८५९ पासून रामपूरच्या नवाबांचे महिना शंभर रुपये सुरू झाले आणि मे १८६० मध्ये पेन्शनही. तीन वर्षांची थकबाकी २,२५० रुपये एकदम मिळाली, ती बहुतेक कर्जातच गेली असणार. पुढची वर्षं आजारपणाची. पडल्या पडल्या लिहायचं, नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. शिष्यांच्या कविता मात्र येतच राहिल्या.

ही पत्रं छापावीत असं १८५८ च्या शेवटी तफ्ताला आणि आग्र्याच्या छापखानेवाल्या मुन्शी शिवनारायणला वाटलं. गालिबने साफ नकार दिला. घाईत लिहिलेल्या खाजगी गोष्टी, त्या चारचौघांत कशाला? तफ्ताला लिहिलं की पोरासारखा हट्ट करू नकोस. आणि लगेच पुढे, तुझा आनंद त्यातच असेल तर मला विचारू नकोस, तुला अधिकार आहे. पहिला संग्रह निघाला ऑक्टोबर १८६८ मध्ये. १५ फेब्रुवारी १८६९ ला गालिब गेला, दुसरा संग्रह त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्चमध्ये आला. तफ्ता पुढे दहा वर्षं जगला.

या पुस्तकांत तफ्ताची पत्रं नाहीत. गालिबने विचारलेलं आहे, तफ्ताने काय सांगितलं ते नाही. हुंडीबरोबर त्याने काय लिहिलं होतं, बेगमांचं वाचून त्याला काय वाटलं, त्या दहा-बारा दिवसांत तो आजारी होता की रुसला होता, काही कळत नाही. आपल्याला गालिबची पत्रं वाचायला मिळतात, कारण या माणसाने ती जपली.

माझ्या गठ्ठ्यातलं १९८४ चं एक अंतर्देशीय पत्र आहे. त्यात मी शाळेतल्या गॅदरिंगविषयी दीड पान लिहिलंय आणि शेवटी घडीच्या कडेला, जागा संपल्यावर, बारीक अक्षरात विचारलंय, "मागच्या पत्रात लिहिलं होतंस त्याचं पुढे काय झालं?"

कशाचं, ते मला आठवत नाही.