एका फळीवर दोन वैरी

मिरजेत आमच्या अब्बांचं दुकान होतं. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. भिंतीला एकच लांब फळी. तिच्या अर्ध्या भागात पाठ उघडी टाकलेले रेडिओ आणि उरलेल्या अर्ध्या भागात भाते फाटलेल्या पेट्या. गावात सतार-तंबोरे घडवणारी घरं पुष्कळ, त्यांची कीर्ती देशभर. आम्ही त्यातले नव्हे. आम्ही मोडलेलं दुरुस्त करणारे. आजोबा पेटीवाले. अब्बांनी पेटीचं काम त्यांच्याकडून उचललं, आणि नुसत्या पेटीवर घर चालेना म्हणून पुढे रेडिओचं शिकले.

लहानपणी मला त्या फळीचं काही विशेष वाटत नसे. पुढे बी.ए. करताना वाचनात आलं की शेजारी शेजारी बसलेल्या या दोघांचं तब्बल ३१ वर्षं वैर होतं. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं आपल्या स्टुडिओत पेटीला बंदी घातली. ती उठली १९७१ मध्ये. मी तेव्हा रांगत होतो. आणि आज त्याच बंदीबद्दल रेडिओवरून बोलायला मला बोलावलंय, म्हणजे काळ कुठल्या कुठे आला पाहा.

पेटी मूळची आपली नव्हे, हे खरंच आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ या कारागिरानं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. खुर्चीवर बसायचं, पायानं भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, असं ते वाद्य. साहेबांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर ते इकडे आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी बनवली आणि ती मांडी घालून बैठकीत बसली. डावा हात भात्यावर गेला, वाजवायला एकटा उजवा उरला. पण आपल्या गाण्याला एका वेळी एकच सूर लागतो, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

पायाचं मोठं वाद्य मात्र मराठी नाटकानं सोडलं नाही. त्याला आपण ‘ऑर्गन’ म्हणतो. चर्चमध्ये नळ्यांचा जो भव्य ऑर्गन असतो तो हा नव्हे. याच्या पोटात पेटीसारख्याच पितळेच्या जिभा असतात. फरक श्वासाचा. हातपेटी वारा बाहेर ढकलते. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये पायानं भाता चालवला की आत पोकळी होते आणि वारा जिभांवरून आत ओढला जातो. म्हणून त्याचा आवाज गोल, जरा दबका आणि गळ्याच्या मागे राहणारा. १९११ मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि पुढे बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि जोडीला ऑर्गन असा थाट झाला. मराठी पदं आणि साथीला उर्दू बोलणारी माणसं! घरात दखनी बोलून मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्या थाटाचा आधार वाटतो, हे कबूल करतो.

बोलपट आले, कंपन्या मोडल्या. ऑर्गन मात्र मोडले नाहीत. कुणी देवळाला दिला, कुणी शाळेला, कुणी हौशी मंडळाच्या माळ्यावर टाकला. त्यातले काही फिरत फिरत अब्बांकडे येत. मागची फळी काढली की आत उंदरांचं घर. भात्याचं रबरी कापड कडक होऊन घडीवर तडकलेलं. पट्ट्यांखालची बनात कसरीनं खाल्लेली. लाकूड, कापड, चामडं हे सगळं बदलता येतं आणि बदलावंच लागतं. जपायच्या त्या पितळेच्या जिभा. आकड्यानं एकेक बाहेर ओढायची, मऊ ब्रशानं झाडायची, की निम्म्याहून जास्त मुक्या जिभा बोलू लागतात. नुसत्या धुळीच्या कणानं सूर बंद पडतो.

उरलेल्यांचा सूर लावायचा. जिभेचं टोक खरवडलं तर सूर चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो. ऐकायला सोपं आहे.

नाताळच्या आधी एका चर्चचा ऑर्गनही अब्बांकडे असे. तिथं एका वेळी चार-चार सूर दाबून वाजवतात, मंडळी वेगवेगळ्या पट्टीतली गीतं म्हणतात. तिथं बाराही सूर समान अंतरावर असावे लागतात. नाटकाच्या ऑर्गनचं गिऱ्हाईक निराळं. तिथं एकच गळा, एकच षड्ज, आणि त्या षड्जाचा गांधार तंबोऱ्यातून कानावर पडत असतो. समान वाटणीचा गांधार त्या तंबोऱ्याच्या गांधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर १४ म्हणजे फार नव्हे. पण तयार कानाला ते भातातल्या खड्यासारखे लागतात.

मी अकरा वर्षांचा असताना एका बंद पडलेल्या कंपनीचा ऑर्गन दुकानात आला. आणणारे मास्तर म्हातारे होते, तरुणपणी स्त्री-भूमिका केलेले. त्यांनी बसून दोन पदं म्हटली आणि म्हणाले, ‘मिस्त्री, गांधार टोचतो. जरा उतरवा की.’ अब्बांनी नकार दिला. एका पट्टीसाठी उतरवला तर दुसऱ्या पट्टीत तोच सूर बेसूर होणार. शिवाय ऑर्गन जुना, जिभा आधीच कुणीकुणी खरवडलेल्या. मास्तर हिरमुसले. अब्बा नमाजाला गेले तेव्हा मी ती जीभ ओढून काढली आणि कानस घेतली. अब्बांसारखी बुडाशी घासली. सूर उतरला. आणखी घासली, आणखी उतरला. मास्तरांना खूश करायचं होतं, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी ती जीभ बुडातून तुटली.

अब्बांनी मारलं नाही. तुटलेली जीभ माझ्या हातावर ठेवून म्हणाले, ‘घिसा हुवा पीतल वापस नै आता, बेटा.’ भंगारातल्या एका ऑर्गनची जीभ कापून, घासून त्यांनी तिथं बसवली. सूर जुळला, पण जात जुळली नाही. त्या जागी बोट पडलं की दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटे. मास्तरांना ते कळलं असणारच. ते काही बोलले नाहीत.

हे लांबण लावलं, कारण रेडिओच्या बंदीमागचा मुख्य आक्षेप त्या गांधाराचाच होता. बंदी घालणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ती माणसं कानानं पक्की होती. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे जॉन फोल्ड्स हे स्वतः मोठे संगीतकार. सुरांच्या मधल्या बारीक जागांचं त्यांना वेड होतं. १९३८ मध्ये रेडिओच्या ‘इंडियन लिसनर’ या नियतकालिकात त्यांनी पेटीवर जोरदार टीका केली. पेटीवर मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि सूर अगोदरच परदेशी मापानं कापलेले, अशी ती तक्रार. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यात वारले. रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन यांनी बंदी आणली, त्याआधी रवींद्रनाथ ठाकुरांनीही कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीविरुद्ध मत दिलं होतं. गंमत पाहा, साहेब म्हणत होता पेटी हिंदुस्थानी नाही, आणि राष्ट्रवादीही तेच म्हणत होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते. नावावरूनच कळतं, मराठी माणूस. त्यांनीही दार उघडलं नाही. आणि त्याच काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते, ज्यांची बोटं पेटीवर कशी चालत हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

पेटीच्या या दुखण्यावर इलाज करायचा एक प्रयत्न आमच्याच भागात झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. अधिकारी यांनी २२ श्रुतींची पेटी बनवण्याचा घाट घातला. श्रुती मोजायला गळा वापरला अब्दुल करीम खाँसाहेबांचा, ज्यांची कबर आज आमच्या मिरजेच्या दर्ग्यात आहे. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीनं ती पेटी तयार केली. १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण गवयांनी मान्य केली नाही. सूर वाढवले तरी ते जागच्या जागी खिळलेलेच राहणार. अब्बांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांना पहिली शंका आली ती अशी, की ‘एवढ्या जिभा दुरुस्त कोण करणार?’

मग बंदीनं नुकसान काय झालं? पेटी तर संपली नाही. नाटकात, कीर्तनात, कव्वालीत, मैफलीत, गावोगावच्या गायन क्लासात ती वाजतच राहिली. उलट सारंगीला रेडिओनं आसरा दिला. आमच्या नात्यातल्या एका सारंगियाचं घर त्या नोकरीवर उभं राहिलं. कोठ्यावरचं वाद्य म्हणून ज्या सारंगीकडे लोक नाक मुरडत, तिला महिन्याचा पगार मिळाला. पेटीवाल्याचा मुलगा असूनही मला ते वाईट म्हणता येत नाही. १९७० मध्ये दिल्लीत चर्चासत्र झालं, त्यानंतर साथीपुरती पेटी आत आली. एकल वादनाला पुढेही पुष्कळ वर्षं थांबावं लागलं.

नुकसान मला कळलं ते फार उशिरा, २०१२ च्या सुमारास. अब्बा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. पुण्याचा एक तरुण त्याच्या आजोबांचा मर्फी रेडिओ घेऊन आला. हल्ली हॉटेलच्या शोभेसाठी अशा रेडिओची आतडी काढून नुसतं खोकं ठेवतात. याला तो बोलता हवा होता. अब्बांनी आधी त्याला प्लग लावू दिला नाही. इतकी वर्षं पडून असलेल्या रेडिओला एकदम वीज दिली तर कोरडे पडलेले कंडेन्सर दगा देतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह बहुतेक चांगले असतात, मरतात ते कागदी कंडेन्सर. ते सगळे बदलले, सुईची दोरी नवी ओवली, नवे डाग दिले. बुडालेल्या कंडेन्सरच्या पोकळ नळीत नवा कंडेन्सर लपवायची अब्बांची खोड होती, उघडून पाहिलं तरी जुनंच दिसावं म्हणून.

रेडिओ लागला. व्हॉल्व्ह तापेपर्यंतची ती शांतता, मग घुर्र, मग खरखर. मीडियम वेव्हवर एक आमचं सांगली केंद्र तेवढं खणखणीत. तेव्हा ते तरी होतं. त्यानंतरच्या वर्षांत देशातली कितीतरी मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बंद झाली. तरुणाला मात्र जुनं गाणं ऐकायचं होतं. या जुन्या रेडिओंना मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. त्यात त्यानं मोबाइलची वायर जोडली आणि पन्नासच्या दशकातलं एका मोठ्या गवयाचं आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण लावलं. काय आवाज! खोली भरून गेली. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, ‘पेटी कुठाय?’

मी म्हटलं, ‘अब्बा, बंदी होती ना.’

‘ते माहीत आहे. पण मी या बुवांना मैफलीत ऐकलंय. पेटी असायची.’

त्या ३१ वर्षांचं गाणं आज आपण ज्यावरून ओळखतो ती ध्वनिमुद्रणं मोठ्या प्रमाणात रेडिओचीच. ती ऐकून उद्या कुणी लिहील, की त्या काळात ख्यालाला सारंगीचीच साथ असे. अस्सल पुराव्यावरून लिहिलेलं असेल, आणि अर्धवट असेल. ज्या पेटीवाल्यांनी त्या काळात बोटं झिजवली त्यांची मैफलीतली साथ मैफलीबरोबर गेली. रेडिओ कितीही निगुतीनं दुरुस्त केला तरी त्यातून ती येणार नाही, कारण ती त्यात कधी गेलीच नव्हती.

अब्बा उठले. फळीच्या दुसऱ्या टोकाची एक पेटी काढली, भाता सोडला आणि बुवांचा षड्ज शोधायला लागले. काळी एक दाबली, ती उतरी. पांढरी दोन दाबली, ती चढी. टेपचा वेग इकडेतिकडे झाला असावा, बुवांचा षड्ज दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे येऊन बसला होता. पुन्हा एकदा दोन्ही दाबून पाहिल्या आणि हसायला लागले.

तरुणानं पैसे दिले, रेडिओ चादरीत गुंडाळला. जाताना त्यानं कोपऱ्यातल्या ऑर्गनकडे बोट करून विचारलं, हा विकायचा आहे का? मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलांनी तो आमच्याकडेच टाकला होता. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो.