आरंभक सॉलेनॉइड

मोटारगाडीच्या एंजिनाला पहिली गती देणाऱ्या विद्युत् चलित्राला (स्टार्टरला) जोडलेले विद्युत् चुंबकीय साधन. त्याची कामे दोन : चलित्राचे लहान दंतचक्र पुढे ढकलून प्रचक्राच्या दात्यांत अडकविणे आणि घटमालेकडून (बॅटरीकडून) चलित्राकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाचे मंडल जोडणे.

नळीसारख्या वेटोळ्याला सॉलेनॉइड (नालकुंतल) हे नाव आंद्रे मारी आंपेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिले. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये लोखंडी गाभ्याचा विद्युत् चुंबक तयार केला. मोटारींत मात्र दीर्घकाळ हँडल फिरवूनच एंजिन सुरू करीत. एंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट मोडे. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत प्रथम बसविण्यात आला. त्याच्या ‘सेल्फ-स्टार्टर’ या नावातील पहिला शब्द मराठीत रुळला असून ‘सेल्फ मारणे’, ‘सेल्फ उचलत नाही’ असे प्रयोग आजही ऐकू येतात.

ठाणे-कल्याण पट्ट्याचा या उद्योगाशी निकटचा संबंध आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत त्याच्या आरंभीच्या क्षेत्रांपैकी एक होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या फियाट गाड्या कुर्ल्यास तयार होत. १९९० नंतरच्या दशकात कल्याण येथे प्यूजो ३०९ या गाडीचे काही वर्षे उत्पादन झाले. या भागातील जुन्या रिक्षा मात्र चालकाने हाताने तरफ ओढून सुरू होत. त्यांना सेल्फ पुढे आला.

सॉलेनॉइडमध्ये सामान्यतः दोन वेटोळी असतात. जाड तारेचे वेटोळे गाभा आत ओढते. त्याचा प्रवाह चलित्रातूनच जातो. बारीक तारेचे वेटोळे गाभा धरून ठेवते. गाभा टोकास पोहोचताच तांब्याचे स्पर्शक जुळतात, जाड वेटोळ्याच्या दोन्ही टोकांचा दाब समान होतो आणि त्यातील प्रवाह थांबतो.

थंड एंजिन निमूटपणे सुरू होते. पण घोडबंदर रस्त्यावर किंवा शीळफाट्याच्या कोंडीत तापलेले एंजिन बंद केल्यावर ते पुन्हा सुरू होत नाही, अर्ध्या तासाने मात्र होते, हा अनुभव अनेकांचा आहे. याचे एक प्रमुख कारण तांब्याच्या गुणधर्मात आहे. निष्कास नळीजवळील सॉलेनॉइडचे तापमान ३०° से.वरून ९०° से.पर्यंत वाढल्यास वेटोळ्याचा रोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच दाबाखाली प्रवाह सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. गाभा संतृप्त नसताना चुंबकीय ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. त्यात किल्लीचे झिजलेले स्पर्शक व गंजलेली जोडणी यांतील दाबक्षय मिळाला की, गाभा हलत नाही.

अशा वेळी पुष्कळदा चांगली घटमाला बदलली जाते व खर्च वाया जातो. योग्य परीक्षा दोषाच्या क्षणीच, म्हणजे एंजिन गरम असताना, करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व हातब्रेक लावून, किल्ली धरलेली असताना सॉलेनॉइडच्या लहान अग्रावरील दाब मोजावा. तो घटमालेच्या दाबापेक्षा बराच कमी असल्यास दोष किल्ली, तारा किंवा जोडणीत आहे. अग्रे साफ करून, आवश्यक तर स्वतंत्र रिले बसवून घटमालेकडून जाड तारेने पुरवठा द्यावा. दाब पुरेसा असूनही गाभा हलत नसल्यास दोष सॉलेनॉइडमध्ये किंवा चलित्राच्या झिजलेल्या ब्रशांत शोधावा. ‘टक’ असा आवाज येऊनही चलित्र फिरत नसल्यास जळलेल्या स्पर्शकांचा संशय घ्यावा. निष्कास नळी व सॉलेनॉइड यांच्यामध्ये उष्णतारोधक पत्रा बसविणे उपयुक्त ठरते. पेचकसाने जाड अग्रे जोडून पाहण्याची पद्धत गॅरेजांत रूढ असली, तरी ती धोक्याची आहे. ठिणग्या उडतात आणि गाडी गिअरमध्ये असल्यास ती पुढे धावू शकते.

सेल्फने हँडल फिरविण्याचे कष्ट संपविले. तथापि त्यामुळे वाहनाचे चालू होणे एका लहानशा वेटोळ्यावर अवलंबून राहिले. आजच्या अनेक गाड्या सिग्नलपाशी एंजिन आपोआप बंद करून पुन्हा सुरू करतात. त्यामुळे या वेटोळ्याचे काम वाढले आहे आणि तेही बहुतेक वेळा तापलेल्या एंजिनाशेजारीच करावे लागते.