प्रायोपवेशन

अन्न, आणि बहुधा पाणीही, स्वेच्छेने व कायमचे सोडून मृत्यूला सामोरे जाण्याच्या कृतीस भारतीय परंपरेत प्रायोपवेशन म्हणतात. ‘प्राय’ म्हणजे देह सोडून जाणे आणि ‘उपवेशन’ म्हणजे त्या निश्चयाने एका जागी बसणे. मृत्यूच्या इतर स्वेच्छाप्रकारांपासून हा प्रकार दोन गोष्टींनी वेगळा पडतो. त्यात शस्त्र, विष, पाणी किंवा अग्नी असे कोणतेही बाह्य साधन नसते. आणि निश्चय व शेवट यांच्यामध्ये काही दिवस, कधी काही आठवडेही जात असल्याने निश्चय मोडण्याची वाट बराच काळ खुली राहते. या मधल्या काळालाच नैतिक विचारात सर्वाधिक महत्त्व आहे, कारण क्षणिक उद्वेगातून केलेल्या कृतीला असा अवधी लाभत नाही.

उपोषण आणि प्रायोपवेशन यांची व्यवहारात नेहमी गल्लत होते. प्राणांतिक उपोषणाला अट असते, समोर कोणीतरी प्रतिपक्ष असतो आणि अट मान्य झाली की उपोषण सुटते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात केलेले उपोषण या प्रकारातले होते, आणि मंदिर खुले करण्याचे मान्य होताच ते सुटले. गाथा बुडवावी लागल्यावर तुकाराम तेरा दिवस अन्नपाण्यावाचून इंद्रायणीकाठी बसून राहिले, ही वारकरी परंपरेतील कथाही या अर्थाने उपोषणाचीच आहे. तेथे प्रतिपक्ष प्रत्यक्ष विठ्ठल आहे, एवढाच फरक. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसून येणे वसूल करण्याची ‘धरणे धरणे’ ही जुनी रीतही याच कुळातील होय. दारात बसलेला, विशेषतः ब्राह्मण, उपासाने मेला तर त्याचे पातक घरमालकाच्या माथी येते, या भीतीवर ती उभी होती. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत ईश्वरी कोपाची भीती घालण्याच्या अपराधाचे उदाहरण म्हणून अशा धरण्याचाच उल्लेख केला होता. प्रायोपवेशनात मात्र कोणाकडे काही मागितलेले नसते, म्हणूनच ते कोणाला काही देऊन थांबवताही येत नाही.

प्राचीन वाङ्मयात ही रेषा इतकी स्वच्छ नाही. सर्पदंशाचा शाप मिळालेला परीक्षित राजा गंगेकाठी प्रायोपवेशनास बसतो आणि सात दिवस भागवत ऐकतो. येथे मृत्यू आधीच ठरलेला आहे आणि उपवास ही केवळ त्याची तयारी आहे. महाभारताच्या रणांगणात हात तुटल्यावर भूरिश्रवा प्रायोपवेशनास बसतो आणि त्या अवस्थेत सात्यकी त्याचा वध करतो, तेव्हा दोन्ही सैन्ये सात्यकीची निंदा करतात, कारण प्रायोपवेशनास बसलेला मनुष्य युद्धाच्या नियमांबाहेर गेलेला मानला जाई. उलट गंधर्वांकडून झालेल्या मानहानीनंतर दुर्योधन जो निश्चय करतो आणि सीतेचा शोध न लागल्याने अंगदासह वानर समुद्रकिनारी जो निश्चय करतात, त्यांच्या मुळाशी वैराग्य नसून अपमान आणि भय आहे. दोन्ही निश्चय पुढे गळून पडतात, आणि कथाकारांना ते तसेच दाखवायचे आहेत. कल्हणाच्या राजतरंगिणीत काश्मीरच्या राजांविरुद्ध तक्रार म्हणून प्रायोपवेशनास बसणाऱ्या ब्राह्मणांचे उल्लेख वारंवार येतात आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या राजाधिकाऱ्यांचाही निर्देश सापडतो. म्हणजे एकच शब्द विरक्तीसाठी आणि दबावासाठी फार पूर्वीपासून वापरला गेला आहे.

धर्मशास्त्राची भूमिका सावध आहे. आत्मघात हे पाप मानून तो करणाऱ्याच्या और्ध्वदेहिकावर, म्हणजे अंत्यविधींवर, निर्बंध घालणारी स्मृतिवचने एका बाजूला आणि वानप्रस्थाने देह पडेपर्यंत ईशान्येस चालत जावे असे सांगणारे मनुस्मृतीतील विधान दुसऱ्या बाजूला, असा हा पेच होता. असाध्य रोगाने ग्रासलेल्या किंवा नित्यकर्मेही करू न शकणाऱ्या वृद्धाला काही ग्रंथांनी मुभा दिली, परंतु पुढील निबंधकारांनी असे महाप्रस्थान आणि वृद्धांचे कड्यावरून किंवा अग्नीत देह टाकणे यांचा समावेश कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांत, केला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनांची साक्षेपी छाननी केली आहे. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते: शास्त्रकारांना प्रश्न पडला होता तो मृत्यूच्या इच्छेपेक्षा त्या इच्छेच्या कारणाचा.

जैन परंपरेने या कारणांचीच यादी केली. समंतभद्राच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथानुसार ज्यावर इलाज नाही असे संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग ओढवल्यास धर्मासाठी देह सोडणे म्हणजे सल्लेखना. श्वेतांबर पंथात तिलाच संथारा म्हणतात. आहार एकदम सुटत नाही, तर घन आहार, पेये, शेवटी पाणी अशा क्रमाने कमी होत जातो. सर्वांची क्षमा मागितली जाते, गुरूची अनुमती लागते, आणि जगण्याची इच्छा जशी दोष मानली जाते तशीच लवकर मरण यावे ही इच्छाही दोषच मानली जाते. महाराष्ट्रातील याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे दिगंबर आचार्य शांतिसागर यांचे. दृष्टी क्षीण झाल्याने मुनिधर्मातील अहिंसेचे नियम पाळणे अशक्य होत चालले, तेव्हा त्यांनी मराठवाड्यातील कुंथलगिरी क्षेत्री सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. साध्वी आणि गृहस्थ स्त्रियाही हे व्रत घेत आल्या आहेत. हिंदू परंपरेत नोंदलेली नावे मात्र जवळजवळ सगळी पुरुषांची आहेत. म्हातारपणी ताट बाजूला सारणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या त्या कृतीला कोणी प्रायोपवेशन म्हटले नाही. ‘तिने अन्न टाकले’ एवढ्यावर घराघरांतील ती नोंद संपली, आणि ही उणीव या विषयाच्या अभ्यासातील लहान उणीव नव्हे.

आधुनिक काळात या विषयाशी निगडित असलेल्या दोन व्यक्ती एकाच परिसरातील आहेत. पनवेल तालुक्यातील शिरढोण हे गाव पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कर्नाळा किल्ल्याच्या अलीकडे आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्याच महामार्गावर पुढे लागणाऱ्या पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. एकाने शस्त्र हाती घेतले, दुसऱ्याने शस्त्राचा विचारही त्यागला, आणि दोघांच्या चरित्रांचे शेवटचे प्रकरण अन्नत्यागाचे आहे.

फडके पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरीस होते. १८७६-७७च्या दुष्काळातील रयतेची दैना पाहून त्यांनी रामोशी व इतर साथीदारांसह १८७९ साली बंड उभारले; त्याच वर्षी जुलैमध्ये ते विजापूरकडील भागात पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली. तेथून निसटण्याचा प्रयत्न फसल्यानंतर त्यांनी अन्न वर्ज्य केले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला, असे त्यांची चरित्रे सांगतात. हा मृत्यू काटेकोर अर्थाने प्रायोपवेशनात बसत नाही. कैद्याची इच्छा भिंतींनी आधीच बांधलेली असते, आणि बंदिवासातील कष्टांनी खंगलेल्या देहाचा शेवट केवळ उपवासाने झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याला निव्वळ उपोषणही म्हणता येत नाही, कारण लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी मरण पावलेल्या जतींद्रनाथ दास यांच्यासमोर राजकीय कैद्यांच्या वागणुकीची ठाम मागणी होती, तशी मागणी एडनला दिसत नाही. ज्याच्यापासून सर्व काही हिरावून घेतले आहे त्याच्या हाती उरलेला शेवटचा अधिकार, असेच त्या अन्नत्यागाचे वर्णन करावे लागते.

विनोबांचे उदाहरण याउलट जवळजवळ सर्व अटी पूर्ण करणारे आहे, आणि म्हणूनच प्रायोपवेशनाच्या आधुनिक चर्चेत ते मध्यवर्ती ठरते. मृत्यूचा विचार त्यांच्याकडे उतारवयात आलेला नव्हता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली गीता-प्रवचने पाहिली तर आठव्या अध्यायाला ‘प्रयाण-साधना’ असे नाव दिलेले आढळते. अंतकाळचे स्मरण आयुष्यभराच्या सवयीवरच ठरते, तेव्हा मरणाची तयारी रोजच करावी लागते, असा त्याचा रोख आहे. महावीरांच्या २५००व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने जैन पंथांना एकत्र आणणारा ‘समणसुत्तं’ हा संग्रह त्यांच्याच प्रेरणेने सिद्ध झाला, आणि त्यात संलेखनेवर, म्हणजेच सल्लेखनेवर, स्वतंत्र प्रकरण आहे. १९७९ साली गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपोषण केले आणि आश्वासन मिळाल्यावर ते सोडले, यावरून उपोषण व प्रायोपवेशन यांतील भेद त्यांच्या आचरणातही स्पष्ट होता असे दिसते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. त्यांनी औषध घ्यावे म्हणून डॉक्टरांनी, सहकाऱ्यांनी आणि राज्यकर्त्यांनी केलेल्या विनवण्या निष्फळ ठरल्या. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीत, वयाच्या ८७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार गुन्हा होता, तरीही त्यांना बळजबरीने अन्न देण्यात आले नाही. पुढे मणिपूरमध्ये सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध नोव्हेंबर २००० पासून उपोषण करणाऱ्या इरोम शर्मिला यांना त्याच कलमाखाली ताब्यात ठेवून २०१६ पर्यंत नाकातल्या नळीने अन्न दिले गेले. शासनाला अस्वस्थ करतो तो अन्नत्याग दंडनीय आणि जो शासनाकडे काही मागत नाही तो वंदनीय, असा हा व्यवहार दिसतो. त्याचे समर्थन कायद्याच्या शब्दांत शोधूनही सापडत नाही.

विनोबांच्या सोळा वर्षे आधी विनायक दामोदर सावरकर यांनी हाच मार्ग घेतला होता, परंतु त्याची मीमांसा वेगळी केली. १९६४ साली ‘सह्याद्री’ मासिकातील लेखात त्यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद केला: निराशेने जीव देणे ती आत्महत्या, आणि जीवितकार्य पूर्ण झाल्यावर, देह निरुपयोगी होण्यापूर्वी समाधानाने तो सोडणे ते आत्मार्पण. फेब्रुवारी १९६६च्या आरंभी त्यांनी औषध व अन्न सोडले आणि २६ फेब्रुवारी रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. देह उपयोगी आहे की नाही या कसोटीवर त्यांची मांडणी उभी आहे, आणि तोच तिचा धोक्याचा भाग आहे. कारण निरुपयोगी कोण हे ठरवण्याचा हक्क एकदा विचारात शिरला की तो त्या व्यक्तीपुरता राहील याची हमी देता येत नाही. विनोबांची भूमिका उपयोगाची भाषा टाळते, म्हणून ती अधिक टिकाऊ वाटते.

मराठी साहित्यात या विषयाची परंपरा प्रामुख्याने संतचरित्रांची आहे. ज्ञानेश्वरांच्या आळंदी येथील समाधीवरील नामदेवांचे अभंग हे मागे राहणाऱ्यांच्या शोकाचे मराठीतील आद्य आणि अजूनही अतुलनीय चित्रण आहे. अर्थात संजीवन समाधी हे प्रायोपवेशन नव्हे. शके १६०३ मध्ये सज्जनगडावर समर्थ रामदासांनी अखेरच्या दिवसांत अन्न सोडल्याचे सांप्रदायिक चरित्रे नोंदवतात. आधुनिक लेखनाने वैराग्याची चौकट सोडून एकटेपणाकडे पाहिले. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकातील मुले दुरावलेले वृद्ध जोडपे मरण निवडते ते तृप्तीने नव्हे, तर त्यांच्या दारात कोणी येईनासे झाले म्हणून. आत्मार्पणाच्या सिद्धांताला या नाटकाने दिलेले उत्तर कोणत्याही निबंधाहून नेमके आहे.

कायद्याचा प्रवास वळणावळणाचा आहे. मारुती श्रीपती दुबळ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली आत्महत्येच्या प्रयत्नासंबंधीचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली अन्य खटल्यात तशीच भूमिका घेतली आणि १९९६ साली ज्ञान कौर खटल्यात ती फिरवली. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा आत्महत्येसमान ठरवला, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले आणि तिला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन मिळावे, असे शासनाचे कर्तव्य ठरवले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरलेले नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न अपराध आहे, म्हणजे दबाव आणि विरक्ती यांतील जुना भेद नव्या रूपात परतला आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यासंबंधीच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्यास काही मर्यादांसह मान्यता दिली. त्यांना मरू द्यावे ही विनंती मात्र फेटाळली गेली, कारण त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना ती मान्य नव्हती. २०१८च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीवनाच्या हक्कातच अंतर्भूत मानला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी झाली. असे इच्छापत्र आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते आणि त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवता येते.  नळीवाटे अन्न नको, कृत्रिम श्वसन नको, असे शुद्धीवर असताना लिहून ठेवण्याची ही सोय प्रायोपवेशनाच्या सर्वांत जवळ जाणारी कायदेशीर तरतूद आहे.

उपशामक वैद्यक, म्हणजे रोग बरा होणार नसताना वेदना व त्रास कमी करणारी शाखा, या विषयात एक महत्त्वाचा खुलासा करते. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात भूक आणि तहान आपोआप मंदावतात. तेव्हा रुग्णाने घास नाकारणे हा निश्चय नसून शरीराची गती असते, आणि आग्रहाने भरवल्यास ठसका, सूज, धाप असे त्रास वाढू शकतात. याउलट बराच आधी आलेली अन्नावरची वासना जाण्याची तक्रार ही पुष्कळदा नैराश्याची, दुखणाऱ्या दातांची किंवा न शमलेल्या वेदनेची खूण असते आणि तिच्यावर उपचार असतात. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून असाध्य कर्करुग्णांची शुश्रूषा करीत आहे. पनवेल तालुक्यातच खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची संस्था असल्याने या भागातील अनेक कुटुंबांपुढे हे प्रश्न प्रत्यक्ष येतात. अन्न नाकारणाऱ्या वृद्धाला आधी वेदनाशमन, मानसिक तपासणी आणि सोबत मिळाली पाहिजे. ती मिळाल्यानंतरही त्याचा नकार कायम राहिला, तरच तो स्वेच्छेचा मानता येतो.