मरणाऱ्याचा शब्द

श्रोतेहो, सूर्यमाळच्या एखाद्या पाड्यावर कुणी मारहाणीत जबर जखमी झाला, मारणाऱ्याचे नाव सांगितले आणि दवाखाना गाठण्याआधीच प्राण सोडला, तर त्याच्या शब्दाला कोर्टात मोल काय?

न्यायाची रीत अशी की, साक्षीदाराने समोर यावे, शपथ घ्यावी, उलटतपासणीला तोंड द्यावे. सांगोवांगी तेथे चालत नाही. पण मेलेला माणूस येणार कसा? म्हणून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, कलम ३२ अन्वये, मृत्यूच्या कारणाविषयीचे त्याचे बोलणे ग्राह्य धरले.

मग एवढ्यावरच शिक्षा द्यावी काय? १९५६ साली नागपुरात गिरणी भागात एकावर हल्ला झाला. मेयो इस्पितळात त्याने डॉक्टर, फौजदार व मॅजिस्ट्रेट या तिघांनाही तीच नावे सांगितली. 'खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य' या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले: जबानी खरी ठरली, तर दुसरा पुरावा हवाच असे नाही. मात्र उलटतपासणी झालेली नसते, म्हणून ती नीट पारखावी. उजेड होता का? कुणी पढविले तर नाही ना? बोलणे दर वेळी तेच राहिले का?

१ जुलै २०२४ पासून कायदा नवा आला, तरी हे तत्त्व कायम आहे.

तेव्हा गुरुजी, असा प्रसंग आलाच, तर आधी दवाखान्याची धावपळ करा. मॅजिस्ट्रेट येण्याआधी तो काही बोलला, तर त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहा. आपल्या पुस्तकी भाषेत ते सुधारू नका.