खतावणी पाहणाऱ्यावर नजर कोणाची? ब्लॉक एक्सप्लोररचा इतिहास

१/
मे २०१० मध्ये फ्लोरिडातील लॅस्लो हॅनयेट्झ याने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. त्या व्यवहाराची नोंद आजही जगातील कोणीही पाहू शकतो. किती नाणी, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्यावर, आणि पुढे ती कुठे कुठे गेली, सारे उघडे. ज्या खिडकीतून ही नोंद पाहिली जाते, तिला ब्लॉक एक्सप्लोरर म्हणतात.

२/
बँकेची खतावणी बँकेच्या कपाटात असते. बिटकॉइनची खतावणी हजारो संगणकांवर, सर्वांसाठी खुली असते. मग खासगीपणाचे काय? सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे उत्तर आहे: पत्ता दिसेल, पण त्यामागचे नाव दिसणार नाही, प्रत्येक व्यवहारासाठी नवी चावी वापरावी. त्याच परिच्छेदात एक कबुलीही आहे. एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरची नाणी एकत्र खर्च झाली, तर ते पत्ते एकाच मालकाचे आहेत हे उघड होते. पुढच्या दशकातील सगळा तंटा या एका वाक्यात दडलेला होता.

३/
कच्ची खतावणी सामान्य माणसाला वाचता येत नसे. नोव्हेंबर २०१० मध्ये थेमॉस या टोपणनावाच्या कार्यकर्त्याने बिटकॉइन ब्लॉक एक्सप्लोरर सुरू केला आणि पत्ता टाकताच त्याचा पूर्ण इतिहास समोर येऊ लागला. २०११ मध्ये ब्लॉकचेन डॉट इन्फो आले. गावाच्या चावडीवर सातबारा मोठ्याने वाचून दाखवावा, तसे हे वाचन होते. फरक इतकाच, की या चावडीसमोर सारे जग बसले होते.

४/
२०१३ मध्ये सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील सारा मायकलजॉन आणि सहकाऱ्यांनी या उघडेपणाची किंमत दाखवून दिली. त्यांनी स्वतः अनेक सेवांशी छोटे छोटे व्यवहार केले आणि कोणता पत्ता कोणाचा हे टिपून घेतले. मग नाकामोतोने कबूल केलेला तो नियम लावून एकेका पत्त्याभोवती त्याच मालकाचे असंख्य पत्ते गोळा केले. टोपणनावाचा पडदा किती विरळ आहे, हे त्यानंतर नाकारणे कठीण झाले.

५/
पडदा जाड करण्याचा एक गंभीर प्रयत्न १८ एप्रिल २०१४ रोजी सुरू झाला. आधी त्याचे नाव बिटमोनेरो होते, लवकरच नुसते मोनेरो झाले. एस्पेरांतो भाषेत त्याचा अर्थ ‘नाणे’. यात पैसे घेणाऱ्याचा खरा पत्ता खतावणीत कधीच उमटत नाही; प्रत्येक वेळी एकदाच वापरायचा नवा पत्ता तयार होतो. पैसे देणारा रिंग सिग्नेचरने लपतो. तक्रारअर्जावर सर्वांनी गोलाकार सह्या कराव्यात, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळत नाही, तसाच हा प्रकार. जानेवारी २०१७ पासून रक्कमही झाकण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती सक्तीची झाली.

६/
आता खरा पेच. ज्या खतावणीत देणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही झाकलेली, तिच्यासाठी एक्सप्लोरर बांधायचा म्हणजे दाखवायचे तरी काय?

मोनेरोएक्झाम्पल्स या नावाने काम करणाऱ्याने सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला ‘ऑनियन मोनेरो ब्लॉकचेन एक्सप्लोरर’ हे त्याचे बोलके उत्तर आहे. कुकी नाहीत, मागोवा घेणारी साधने नाहीत, चित्रेसुद्धा नाहीत. टोर जाळ्यातूनही नीट चालेल असे साधे पान. ब्लॉक, शुल्क, आकार, रिंगमधील सोबती आणि त्यांचे वय एवढे दिसते. पत्ता टाकून शिल्लक पाहण्याची सोय नाही, कारण ती माहिती खतावणीतच नाही.

शिल्लक नाही, पण जमा पाहता येते. मोनेरोच्या प्रत्येक खात्याला दोन चाव्या असतात: खर्चाची आणि फक्त पाहण्याची. दुसरीला व्ह्यू की म्हणतात. पत्ता आणि ही चावी दिली की एखाद्या व्यवहारातील कोणता भाग त्या खात्याचा, हे एक्सप्लोरर उलगडून दाखवतो. हिशेबनीसाला जमा दाखवायची असेल तर ही मोठीच सोय.

पण चावी टाकायची कुठे? या एक्सप्लोररमध्ये उलगडण्याचे काम मूळ मांडणीत सर्व्हरवर होते, म्हणजे चावी परक्याच्या यंत्राकडे जाते. ते वापरणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये करायचे तर जावास्क्रिप्ट चालू करावी लागते, आणि टोर वापरणारे सावध लोक नेमकी तीच बंद ठेवतात. लेखकाने दोन्ही पर्याय ठेवले आणि निवड एक्सप्लोरर चालवणाऱ्यावर सोपवली. निर्दोष तोडगा उपलब्ध नसताना याहून प्रामाणिक मार्ग सापडणे अवघड.

७/
रिंगमधील सोबत्यांचे वय दाखवणे हीदेखील दुधारी गोष्ट. सुरुवातीच्या काळात कित्येकांनी सोबतीविनाच व्यवहार केले होते. त्यांचा माग लागल्यावर इतरांच्या रिंगमधील सोबतीही गळू लागले, हे २०१७ मधील एका अभ्यासाने मांडले. शिवाय रिंगमधील सर्वांत नवे नाणे बहुधा खरे असते, हेही दिसून आले. रिंगचा किमान आकार मार्च २०१६ मध्ये ३ ठरला होता; तो वाढत ऑक्टोबर २०१८ मध्ये ११ आणि ऑगस्ट २०२२ मध्ये १६ झाला.

८/
सप्टेंबर २०२१ मध्ये कॉइनडेस्कने फुटलेल्या कागदपत्रांच्या आधारे एक वृत्त दिले. वॉलेटएक्सप्लोरर हे बिटकॉइनचे लोकप्रिय संकेतस्थळ चेनॅलिसिस ही माग काढणारी कंपनी चालवत होती आणि तेथे येणाऱ्यांचे आयपी पत्ते टिपून ठेवत होती. एखादा पत्ता कोण शोधतो, हीच मोलाची खूण. आपल्याच नाण्यांची चौकशी करायला गेलेला माणूस स्वतःचा ठावठिकाणा देऊन परतत होता. कितीही भक्कम गणित वापरलेले नाणे असो, या गळतीवर त्याचा इलाज चालत नाही, कारण ती खतावणीच्या बाहेर घडते.

यावर खात्रीचा उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे: संपूर्ण खतावणी स्वतःच्या संगणकावर उतरवायची आणि एक्सप्लोररही तिथेच चालवायचा. मोनेरोच्या पूर्ण प्रतीला शंभर जीबीहून अधिक जागा लागते. फोनवर झटपट शोध घेणाऱ्या बहुसंख्यांना हे झेपणारे नाही.

९/
झाकलेल्या खतावणीचीही किंमत असते. १ सप्टेंबर २०२३ रोजी मोनेरो समुदायाच्या लोकवर्गणीच्या खात्यातून सुमारे २,६७५ मोनेरो चोरीला गेले. समुदायाला ते जाहीरपणे कळले नोव्हेंबरमध्ये. तेच खाते बिटकॉइनचे असते, तर कोणत्याही एक्सप्लोररवर ते रिकामे झालेले त्याच दिवशी दिसले असते.