राज्य गेलं, दप्तर राहिलं



निवृत्तीनंतर बरीच मुलं मला विचारतात, "सर, ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये करिअर करावं का? शेवटी कारकुनीच ना ती?" त्या 'कारकुनीच ना'चं उत्तर मला तंजावरच्या इतिहासात सापडतं.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं. मुलूख तमिळ, पण दरबारचं दप्तर मराठीत, मोडी लिपीत. १७९९च्या तहानं कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीराजांकडे किल्ला, वाडा आणि मानमरातब उरला. तरी कचेरी थांबली नाही. वाड्याचा खर्च, अन्नछत्रांचे हिशेब, सगळं लिहिलं जात होतं. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरला गेला. त्याचा मजकूर कोणी लिहिला? बाबूराव नावाच्या चिटणीसानं. म्हणजे कचेरीतल्याच माणसानं.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले. पुत्र नव्हता, गादी संपली. मग या कारभारी घराण्यांच्या मुलांनी काय करायचं?

कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव पाहा. नावातला 'टी' म्हणजे तंजावर. वडील आणि चुलते त्रावणकोरचे दिवाण होते, तरी त्यांची सुरुवात मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत झाली. आधी हिशेब शिकले, मग राजपुत्रांचे शिक्षक, मग महसूल खातं, आणि तिशीच्या आत त्रावणकोरचे दिवाण. संस्थानावर कर्ज होतं, ते त्यांनी फेडलं. पुढे इंदूरला गेले. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याची विस्कटलेली घडीही त्यांनीच बसवली. सयाजीराव तेव्हा लहान होते. त्यांच्या हाती मार्गी लागलेलं राज्य आलं, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

मी फौजेत होतो, म्हणून एक सांगतो. पलटण हलते ती मूव्हमेंट ऑर्डरवर. जवानाची रजा, पगार, आणि तो गेल्यावर त्याच्या पत्नीची पेन्शन, सगळं हेड क्लार्कच्या टेबलावरून जातं. तिथे एक तारीख चुकली तर एका घरची चूल अडते. या कामाला मी हलकं कसं म्हणू?

तेव्हा मुलांनो, या वाटेनं जरूर जा, पण नुसतं टायपिंग शिकून थांबू नका. हिशेब वाचायला शिका. मसुदा थोडक्यात लिहायला शिका. जिथे नोकरी कराल तिथली भाषा शिका. तंजावरचे मराठे दोनशे वर्षं तमिळ मुलखात टिकले, ते दोन्ही भाषा जवळ केल्या म्हणून. आणि फाइल अशी ठेवा, की तुमची बदली झाल्यावर येणाऱ्याला फोन करून काही विचारावं लागू नये.

तंजावरच्या मोडी कागदांचे गठ्ठे आजही सांभाळलेले आहेत. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे हिशेब मात्र आजही वाचता येतात.

जय हिंद!