पलटणीच्या खर्चाने डॉक्टर

गरीब घरातल्या हुशार मुलाने डॉक्टर व्हावे कसे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. कोणी शेत गहाण टाकले, कोणी वार लावून जेवले, कोणी सासऱ्याच्या पैशावर शिकले. आणखी एक वाट आहे: लष्कराकडे अर्ज करावा, शिक्षणाचा भार त्याने उचलावा आणि पुढची ठराविक वर्षे आपण त्याच्या चाकरीत घालवावी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १९६२ साली पदवीचे वर्ग सुरू झाले आणि ही वाट मराठी घरांच्या परिचयाची झाली. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलाच्या अशाच करारनाम्यावर सही करण्यापूर्वी मला विचारले होते, "गुरुजी, हे पोराला विकल्यासारखं तर नाही ना होणार?"

इतिहास शिकविणाऱ्याला असा प्रश्न पडला की तो मागे पाहतो. या सौद्याचा एक बोलका नमुना प्रशियात सापडतो.

जुन्या काळी तिथल्या पलटणीत जखमा बांधायला न्हाव्याच्या हाताखाली शिकलेले लोक असत. क्रांतिकारक फ्रान्सशी झालेल्या युद्धात त्यांचा अपुरेपणा उघडा पडला. तेव्हा योहान गोएर्के या लष्करी वैद्याच्या पुढाकाराने १७९५ साली बर्लिनमध्ये एक संस्था निघाली. तिला 'पेपिनिएर' म्हणत. म्हणजे चक्क रोपवाटिका! १८१८ साली तिला राजा फ्रीडरिख विल्हेल्मचे नाव मिळाले. शिक्षण सरकारी खर्चाने. मोबदल्यात पलटणीतली नोकरी, आणि तीही शिकण्यात गेलेल्या वर्षांपेक्षा अधिक वर्षांची.

१८३८ साली या संस्थेत हेर्मान हेल्महोल्ट्झ दाखल झाला. बाप पॉट्सडॅमच्या शाळेत मास्तर. मुलाला ओढ पदार्थविज्ञानाची. पण त्या विद्येवर पोट भरत नाही आणि विद्यापीठाचा खर्च आपल्याला झेपत नाही, हे मास्तरांना पक्के ठाऊक होते. तेव्हा वैद्यकीच्या आडोशाने मुलाने पदार्थविज्ञान शिकावे, असे ठरले. संस्थेच्या ग्रंथालयात मदतनिसाचे काम करताना त्याने थोर गणितज्ञांचे जुने ग्रंथ वाचून काढले. १८४३ पासून तो पॉट्सडॅमच्या छावणीत शिपायांची दुखणी पाहू लागला आणि बराकीतच त्याने आपली छोटी प्रयोगशाळा थाटली. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा त्याचा प्रबंध १८४७ चा, म्हणजे ऐन पलटणीतल्या नोकरीतला. त्या काळच्या प्रतिष्ठित नियतकालिकाने तो नाकारला, म्हणून तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने निघाला. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने रदबदली केली आणि सरकारने मुदत पुरी होण्याआधीच त्याला मोकळे केले. डोळ्याच्या आत पाहण्याचे जे उपकरण आज प्रत्येक नेत्रवैद्य वापरतो, ते त्याने १८५१ साली जगापुढे मांडले.

रुडोल्फ विर्खो १८३९ साली त्याच संस्थेत आला. त्याची गोष्ट सरकारला जड गेली असावी. १८४८ च्या आरंभी अप्पर सायलेशियात ज्वराची साथ पसरली होती. तिची पाहणी करण्यास सरकारने त्याला धाडले. परत येऊन त्याने जो अहवाल लिहिला त्यात औषधांच्या यादीपेक्षा उपासमारीची, अज्ञानाची आणि बेपर्वा कारभाराची चर्चा अधिक होती. लोकांना शिक्षण, समृद्धी आणि लोकशाही द्या, हाच त्याने सांगितलेला उपाय होता. त्याच मार्चमध्ये तो बर्लिनच्या रस्त्यांवर उठाववाल्यांच्या बाजूने उभा राहिला. सरकारी अन्नावर वाढलेला हा मुलगा! १८४९ साली त्याला बर्लिन सोडून व्ह्यूर्त्सबुर्गला जावे लागले; पण १८५६ साली त्याच बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलाविले.

तिसरे नाव एमिल बेरिंगचे. हाही मास्तरचाच मुलगा. घरात तेरा भावंडे. १८७४ साली तो बर्लिनच्या लष्करी वैद्यकशाळेत शिरला आणि मग लहानसहान ठाण्यांवर वर्षे काढली. १८९० साली त्याने आणि जपानी संशोधक कितासातो यांनी मिळून धनुर्वात आणि घटसर्प यांवरील प्रतिविषाचा शोध प्रसिद्ध केला. वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक, १९०१ सालचे, बेरिंगला मिळाले.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. या तिघांनी वर्षे विकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि हेल्महोल्ट्झचा छंद त्या करारात गेला नाही, की विर्खोची जीभ गेली नाही. सरकारपुरते बोलायचे तर, हेल्महोल्ट्झला मुदतीआधी सोडून देण्यात त्याने दाखविलेले शहाणपण मला अधिक मोलाचे वाटते. देणेकऱ्याला कधी मोकळे करावे, हे ज्याला कळते त्याची शिष्यवृत्ती वाया जात नाही.

पण तीन नावांवर हिशेब संपत नाही. त्या रोपवाटिकेतून बाहेर पडलेले बहुतेक तरुण कुठल्याशा छावणीत तापकऱ्यांना तपासत आणि जखमा शिवत म्हातारे झाले असतील. त्यांची नावे मला कुठल्या ग्रंथात सापडली नाहीत. मास्तरच्या पगारात त्यांना वैद्यकी मिळणार नव्हती. ती त्यांना मिळाली. आणि ज्या शिपायाच्या उशाशी पूर्वी वस्तरा घेतलेला न्हावी बसे, त्याच्या उशाशी शिकलेला डॉक्टर बसला. मी त्या गृहस्थांना एवढेच सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला.